करिबा: झाडं आधीची, तळं नंतरचं

आजचा भाग एका बोटीवरून सुरू होतो. झिंबाब्वेमधलं करिबा सरोवर, संध्याकाळची वेळ. काठावर हत्ती गवत उपटतायत, पाणघोडे नुसते डोळे आणि कान वर काढून बघतायत. पण माझी नजर अडकली ती झाडांवर. भर पाण्यात वाळलेली, पांढरीफटक झाडं उभी आणि त्यांच्यावर पाणकावळे. तळ्याच्या मध्ये झाडं उगवलीच कशी?

उत्तर सोपं आहे. झाडं आधीची, तळं नंतरचं.

झांबेझी नदीवरचं करिबा धरण 1955 ते 1959 या काळात बांधलं गेलं. डिसेंबर 1958 मध्ये पाणी अडवलं आणि 1963 पर्यंत सुमारे 280 किलोमीटर लांबीचं सरोवर भरलं. वीज हवी होती तांब्याच्या खाणींना आणि शहरांना. तेव्हा नदीच्या दोन्ही बाजूंना ब्रिटिश वसाहती होत्या, म्हणजे आजचे झांबिया आणि झिंबाब्वे.

पाणी चढत गेलं तशी टेकड्यांची बेटं झाली आणि त्यांवर प्राणी अडकले. मग सुरू झालं ‘ऑपरेशन नोआ’. रुपर्ट फॉदरगिल आणि त्यांच्या साथीदारांनी 6,000 हून जास्त प्राणी वाचवले. दोरानं हरणांचे पाय कापले जायचे, म्हणून बायकांनी दिलेल्या जुन्या नायलॉन स्टॉकिंग्जची वेणी घालून मऊ दोर केले! बरेच प्राणी माटुसाडोनाच्या जंगलात सोडले. आज तिथे नॅशनल पार्क आहे आणि जवळच्या एका बेटाला फॉदरगिल यांचं नाव आहे.

भारी गोष्ट आहे ना? पण थांबा. त्याच दरीत टोंगा लोक राहायचे. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत वर्षाला दोन पिकं घ्यायचे. त्यांच्यापैकी सुमारे 57,000 जणांना उठवलं. ट्रकमध्ये बसवून नेलं, अनेकांना कोरड्या, नापीक जागी. उत्तरेकडच्या चिसोमो गावानं हलायला नकार दिला. सप्टेंबर 1958 मध्ये पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि 8 माणसं मेली.

बोटीवर आम्हाला स्टॉकिंग्जचा किस्सा रंगवून सांगितला. टोंगांचा विषय मीच काढला. बोटवाले काका जरा गप्प झाले. मग म्हणाले, “माझी आजी तिथलीच. बकऱ्या नेता आल्या. कबरी नाही नेता आल्या.”

मी कॅमेरा बंद केला. आठवली ती आपली कोयना. तेही धरण साधारण त्याच काळातलं. तापोळ्याला आपण मजेत बोटिंग करतो, त्या शिवसागराखालीही गावं आहेत. आणखी एक धागा सांगतो. सप्टेंबर 1963 मध्ये करिबाला मोठा भूकंप झाला, 11 डिसेंबर 1967 ला कोयनेला. धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की शास्त्रज्ञ ही दोन्ही नावं एका दमात घेतात.

हत्ती बघायला जरूर जा. मीही पुन्हा जाईन. फक्त बोटीत बसल्यावर एक प्रश्न विचारा: या पाण्याखाली कोण राहत होतं?

तुमच्या आजोळचं, ओळखीतलं एखादं गाव धरणात गेलंय का? घरातल्या मोठ्यांना विचारा, फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. ते सांगणारे आहेत तोवरच. भेटू पुढच्या भागात!