मैदान कोणी आखले, कोणी राखले

गोल्फचा इतिहास लिहिणारे मैदान आखणाऱ्यांची नावे भक्तिभावाने घेतात; गवत कापणाऱ्यांची आणि वाळू पसरणाऱ्यांची क्वचितच. खासगी क्लबाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाते. तिथे मोजके सभासद खेळतात, वर्गणी भरपूर जमते आणि कागदावरची आखणी जमिनीवर जशीच्या तशी टिकवता येते. सार्वजनिक मैदानावर मात्र पहाटेपासून अंधार पडेपर्यंत माणसांची रीघ असते. इतकी पावले पडूनही ते बेताच्या खर्चात राखता येते का, हीच तिथे आखणीची खरी परीक्षा. स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज आणि न्यूयॉर्कजवळचे बेथपेज ही दोन सार्वजनिक मैदाने या परीक्षेला अगदी वेगवेगळ्या तयारीने बसली.

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सला मूळ आखणीकार असा कोणी नाहीच. समुद्रकाठची ती रेताड जमीन आपल्याकडच्या गायरानासारखी गावाच्या वहिवाटीची. १५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना तिथे ससे पाळण्याची मुभा मिळाली, पण त्याच सनदेत गावकऱ्यांचा गोल्फ खेळण्याचा हक्कही नोंदला गेला. पुढे याच सशांनी त्या हक्काची कसोटी पाहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेच्या हातून जमीन गेली आणि ती सशांचा व्यापार करणाऱ्यांकडे आली. बिळांनी मैदान पोखरले, भांडणे कोर्टात गेली. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती विकत घेतली तेव्हा कुठे खेळ वाचला. १८९४ च्या कायद्याने नगरपरिषदेला ती परत मिळवता आली, आणि १९७४ पासून तिचा कारभार लिंक्स ट्रस्टकडे आहे.

या मैदानाला आजचे रूप आले ते मात्र गर्दीमुळे. पूर्वी जाताना आणि येताना खेळाडू त्याच होलवर खेळत. एकोणिसाव्या शतकात खेळणारे वाढले तसे समोरासमोरून येणारे एकमेकांना अडू लागले. मग ग्रीन मोठे करून त्यावर दोन होल ठेवले, काटेरी झुडपे हटवून वाट रुंद केली. आज १८ पैकी १४ होल अशा सात जोडग्रीनवर आहेत. आखणीची पुस्तके या जोडग्रीनकडे डावपेचांच्या नजरेने पाहतात; मला त्यात झीज वाटून घेण्याची युक्ती अधिक दिसते. १८६४ मध्ये मैदानाची निगा टॉम मॉरिस यांच्याकडे आली. ग्रीनवर वाळूचे थर देऊन त्यांनी गवत सावरले आणि रविवारी जमिनीला विश्रांती देण्याचा आग्रह धरला. रविवारी ओल्ड कोर्सवर आजही एरवी खेळ नसतो; गावकरी तिथे फिरायला येतात.

यावर कोणी म्हणेल, हे सारे रेताड जमिनीचे देणे; पाणी झटकन निचरते, गवत चिवट असते, मग निगेचे एवढे कौतुक कशाला? जमीन चांगली होती हे खरेच. पण सशांच्या काळातही ती हीच जमीन होती, आणि तेव्हा ती पोखरलीच गेली.

बेथपेज ब्लॅकची कथा वेगळी. महामंदीच्या काळात बेरोजगारांना काम देण्यासाठी लाँग आयलंडवरच्या या सरकारी उद्यानात मैदाने बांधली गेली. त्यांतले ब्लॅक १९३६ मध्ये खुले झाले. ते ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट यांनी आखले की उद्यानाचे अधीक्षक जोसेफ बरबेक यांनी, हा वाद अजून मिटलेला नाही. श्रेय कोणाचेही असो, अवाढव्य बंकर, अरुंद फेअरवे आणि उंचावरची ग्रीन यांनी निगेचे काम अवघड करून ठेवले. सरकारी तिजोरीला ते पेलले नाही आणि पुढच्या दशकांत मैदान उजाड होत गेले. १९९० च्या दशकात अमेरिकी गोल्फ संघटनेने पैसा ओतला, रीस जोन्स यांनी मानधन न घेता दुरुस्ती केली आणि २००२ मध्ये तिथे यू. एस. ओपन ही मोठी स्पर्धा झाली.

मग सार्वजनिक मैदान वाचवायला मोठी स्पर्धाच लागते का? एकदाच्या दुरुस्तीला लागते, असे बेथपेजवरून म्हणता येईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या हार्डिंग पार्कचाही अनुभव असाच. शेजारच्या क्लबवर १९९८ ची यू. एस. ओपन झाली तेव्हा या रया गेलेल्या मैदानावर प्रेक्षकांच्या गाड्या लावल्या होत्या. नंतर शहराने मोठा खर्च करून ते पुन्हा उभे केले. पण स्पर्धा आठवडाभरात उरकते, गवत वर्षभर तुडवले जाते. रोजच्या निगेचा खर्च वाढला की तो शेवटी खेळण्याच्या शुल्कात उतरतो, आणि सार्वजनिक मैदान नावापुरते सार्वजनिक राहण्याचा धोका तयार होतो. बेथपेजमध्ये राज्यातल्या रहिवाशांना बाहेरच्यांपेक्षा कमी शुल्क ठेवून हा धोका आवरला गेला. गर्दीचा मोठा भार रेड, ब्लू, ग्रीन आणि यलो ही शेजारची चार मैदाने उचलतात. ब्लॅकवर गोल्फ कार्ट नेता येत नाही, सगळ्यांनी पायीच खेळायचे; आणि सुट्टीचा दिवस नसेल तर सोमवारी ते निगेसाठी बंद असते.