दिनविशेष : २६ नोव्हेंबर २००८

पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी त्या दिवशी दिल्लीत होते. भारताचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांच्याशी त्यांची बोलणीही झाली. त्याच रात्री ‘लष्कर-ए-तोयबा’च्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईवर हल्ला चढवला, १६६ जणांचा बळी गेला.

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या लोकल जिथून सुटतात त्या तेव्हाच्या सीएसटी स्थानकावर त्यांपैकी अजमल कसाब आणि इस्माईल खान यांनी पन्नासहून अधिक माणसे मारली. रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे मात्र जागचे हलले नाहीत. ते सतत सूचना देत राहिले, म्हणून घरी निघालेले असंख्य प्रवासी सुखरूप बाहेर पडले. या माणसाचे नाव उपनगरांतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवे.

नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात राब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग व रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले. या दांपत्याच्या दोन वर्षांच्या मुलाला, मोशेला, त्याच्या आया सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून बाहेर आणले. ठाण्यात १८७९ पासून सिनेगॉग असलेल्या मराठीभाषक बेने इस्राएली ज्यूंसाठी हा घाव घरचाच होता.

बोलणी सुरू असताना रक्तपात घडवण्याची रीत जुनी आहे. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘हमास’ने जेरुसलेमच्या बसमध्ये स्फोट घडवले, मे महिन्यात इस्रायल-पॅलेस्टिनींमधल्या ऑस्लो शांतता कराराचे विरोधक नेतान्याहू इस्रायलच्या पंतप्रधानपदी निवडून आले. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर इथेही संवाद तुटला. भारत-पाकिस्तान चर्चा पुन्हा सुरू करण्यावर एकमत व्हायला फेब्रुवारी २०११ उजाडला.