गडांखालची बुडालेली खाचरे

१/ तिकोन्याच्या माथ्यावरून आपण पवनेच्या जलाशयाची आणि पलीकडच्या तुंगची छायाचित्रे टिपतो. त्या पाण्याखाली काय होते, याचा विचार क्वचितच करतो. आजचा इतिहास गडांचा नव्हे, गडांखालच्या नदीकाठचा आहे.

२/ मावळाचे विभाग नद्यांनी घडवले : पवनेचे पवन मावळ, आंद्रेचे आंदर मावळ, इंद्रायणीचे नाणे मावळ. खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे, वर उतारावर नाचणी-वरईची वरकस जमीन. वरकस काही वर्षे पिकवून पड टाकावी लागे; कुटुंबाची खरी भिस्त खाचरावर असे.

३/ विसाव्या शतकारंभी टाटांच्या कंपन्यांना याच भूरचनेत वीज दिसली. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवायचे, नळांतून घाटाखाली कोकणात सोडायचे आणि वीज मुंबईला पुरवायची. लोणावळा-वळवण-शिरोता तलावांच्या पाण्यावर १९१५ मध्ये खोपोलीचे केंद्र सुरू झाले. ठोकरवाडीच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचे.

४/ पुढची पाळी लोणावळ्याच्या दक्षिणेकडील मुळशी खोऱ्याची होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, तेथे सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे अग्रणी. बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात.

५/ लढा हरला. १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीला होता. शिवाय पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे अडकलेली होती आणि त्यांचा कल मोबदला घेण्याकडे होता. कसणारा एक, पैसे घेणारा दुसरा! १९२४ च्या अखेरीस बापटांनी आगगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र सुरू झाले.

६/ धरणाचे पाणी तळापासून चढते. त्यामुळे सर्वांत आधी बुडते ते खाचर. उरते ते वरकस. भरपाईच्या कागदावर गेलेले एकर मोजता येतात, पण उरलेल्या एकरांत घर पोसत नाही, हे त्या कागदावर उमटत नाही.

७/ हा प्रश्न मुळशीत संपला नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला.

८/ पुढच्या वेळी तिकोना उतरलात की काठावरच्या गावातील एखाद्या आजोबांना विचारा : तुमचे खाचर कुठे होते? बहुधा ते पाण्याकडेच बोट दाखवतील.