होय म्हणजे नाही

गोव्यातल्या माणसाला जनमत कौल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी आमच्या वडिलांनी फुलाला मत दिले, शेजारच्या काकांनी दोन पानांना. पुढे आयुष्यभर दोघे त्यावर वाद घालत राहिले. पण आपण नेमके कशाला मत दिले याबद्दल दोघांच्याही मनात कधी शंका नव्हती. कॅलिफोर्नियातल्या २००८ सालच्या कौलाबद्दल वाचताना मला हे पुन्हा पुन्हा आठवले.

१५ मे २००८ रोजी तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला. जूनमध्ये लग्ने सुरू झाली. हा हक्क काढून घेण्यासाठी ‘प्रस्ताव ८’ मतदानाला ठेवला गेला. म्हणजे समलिंगी विवाह नको असेल तर ‘होय’ म्हणायचे आणि हवा असेल तर ‘नाही’! पहिला घोळ इथेच.

पुढचे काम जाहिरातींनी केले. एका जाहिरातीत शाळेतून आलेली लहान मुलगी आईला सांगते, राजपुत्राने राजपुत्राशी लग्न केले, मीही राजकन्येशी लग्न करू शकते! आईचा चेहरा उतरतो. दोन राजपुत्रांच्या लग्नाचे ते पुस्तक खरे होते आणि ते एका वर्गात वाचलेही गेले होते. पण तो वर्ग कॅलिफोर्नियातला नव्हे, मॅसॅच्युसेट्समधला. दुसऱ्या जाहिरातीत चर्चची करसवलत जाईल अशी भीती घातली. वास्तविक न्यायालयाने निकालातच लिहिले होते की कोणत्याही धर्माला आपले आचार बदलावे लागणार नाहीत, की कोणा धर्मगुरूला मनाविरुद्ध लग्न लावावे लागणार नाही. बराक ओबामांचे छायाचित्र छापलेली पत्रके घरोघरी गेली. लग्नाबद्दलचे त्यांचे मत तेवढे उचलले. ते या प्रस्तावाच्या विरोधात आहेत, हे गाळले.

मी सरकारी कारकून. फाईलवरचा एक शब्द बदलला की माणसाचे काम कसे अडते हे रोज पाहतो. म्हणून मला एक तपशील फार बोलका वाटतो. मतदारांना वाटायच्या सरकारी पुस्तिकेत प्रस्तावाच्या समर्थकांनी लिहिले होते की शिक्षकांना हे शिकवणे भाग पडेल. प्रकरण न्यायाधीशापुढे गेले. असे शिक्षण सक्तीचे नाही, शिवाय पालकांना मुलाला त्यातून वगळता येते. तेव्हा ‘भाग पडेल’चे ‘भाग पडू शकेल’ झाले. पुस्तिकेतले क्रियापद सुधारले. पण टीव्हीवरच्या त्या मुलीला कोण सुधारणार?

दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी म्हणवत नाही. तिने उत्तर द्यायला उशीर केला. राज्याचे शिक्षणप्रमुख जॅक ओकॉनेल यांना पुढे आणून शाळांचा याच्याशी संबंध नाही असे सांगितले. पण ज्यांच्या लग्नाचा प्रश्न होता ती जोडपी तिच्याही जाहिरातींत फारशी दिसली नाहीत. त्यातच ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतली पहिलीची मुले आपल्या शिक्षिकेच्या लग्नाला गेली. सहल पालकांच्या संमतीने होती, न आलेली मुलेही होती. पण विरोधकांना आयते चित्र मिळाले.

४ नोव्हेंबरला ५२ टक्क्यांहून अधिक मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. दोन्ही बाजूंचा मिळून खर्च ८ कोटी डॉलरांच्या वर गेला होता. मधल्या काळात झालेली सुमारे १८,००० लग्ने न्यायालयाने २००९ मध्ये वैध ठरवली. बाकीच्यांना थांबावे लागले. ऑगस्ट २०१० मध्ये न्यायाधीश वॉकर यांनी प्रस्ताव घटनाबाह्य ठरवला आणि मुलांविषयीची भीती या प्रचाराने कशी वापरली हेही निकालात नोंदवले. तरी लग्ने पुन्हा सुरू व्हायला जून २०१३ उजाडला. राज्यघटनेतले ते वाक्य तर मतदारांनीच थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये पुसले.

निवडणुकीच्या ड्युटीवर मतदारांच्या बोटाला शाई लावताना मनात येते, हा माणूस कशाला मत देतो आहे हे त्याला नीट कळले असेल ना? साफ खोटे पकडता येते. खऱ्याचा तुकडा कापून दुसरीकडे चिकटवला की तो पकडायला वेळ लागतो. कॅलिफोर्नियात साडेचार वर्षे लागली. तेवढ्या काळात लग्नाची वाट पाहणारे कुणी म्हातारे झाले असतील, कुणी वारलेही असतील. त्यांना पुढचा निकाल काय कामाचा?