दुपारी दोनची गुंगी

स्त्रीबीज सुटायचा हुकूम मेंदूतून येतो. हे पटवलं उंदरिणींनी. तिचं चक्र चार-पाच दिवसांचं (पाळी मात्र तिला येत नाही!). १९५० मध्ये एव्हरेट आणि सॉयर या अमेरिकी संशोधकांनी बीजं सुटण्याच्या आदल्या दुपारी दोन वाजता उंदरिणींना गुंगीचं औषध दिलं. गुंगी मेंदूला, पण त्या रात्री बीजं सुटलीच नाहीत. चोवीस तास लांबली. चार वाजता दिलेलं औषध मात्र वाया जाई. तोवर मेंदूचा निरोप पिट्यूटरी ग्रंथीला पोचलेला असे.

निरोप नेणाऱ्या जीएनआरएच या हार्मोनची रचना १९७१ मध्ये उलगडली. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात अंडं वेळेआधी फुटू नये म्हणून तुम्हाला रोज टोचतात ना, ते इंजेक्शन हाच निरोप अडवतं. म्हणून सांगितलेली वेळ चुकवू नका.