शिकाऱ्याने उघडलेले फाटक

आमची हयात गिरण्यांच्या फाटकांवर सभा घेण्यात गेली. पाखरांवर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील, तर ते रास्तच होईल. परंतु ज्या माणसाची हकीकत आज सांगावयाची, त्यानेही एक फाटकच उघडले.

पीटर स्कॉट १९०९ साली लंडनमध्ये जन्मला. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली बर्फात निवर्तलेल्या कॅप्टन स्कॉटचा हा मुलगा. मुलाला निसर्गाची गोडी लाव, असे बापाने अखेरच्या पत्रात पत्नीला कळविले होते. गोडी लागली खरी, पण बंदुकीच्या वाटेने! केंब्रिजला शिकताना हिवाळी पहाटे चिखलात पडून रानहंस मारायचे, आणि मग त्यांचीच चित्रे रंगवायची. धनिकांचे चोचले म्हणून आम्ही हे प्रकरण येथेच मिटविले असते.

१९४६ साली सेव्हर्न नदीकाठी स्लिमब्रिज येथे त्याने पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. सामान्य माणसे आली की पाखरे बुजतात, सबब त्यांना दूर ठेवा, हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. स्कॉटने आडोसे बांधले आणि लोकांना आत घेतले. बंदूक सुटायला मात्र वेळ लागला. एका शिकारीत एका हंसाचे दोन्ही पाय मोडले. तो पडला तेथवर चिखलातून कोणाला जाता येईना. दुसऱ्या दिवशीही तो जिवंतच होता. स्कॉटची शिकार सुटली ती कायमची.

हवाई बेटांवरचा नेने हंस तेव्हा जगात सुमारे ३०च उरला होता. १९५० साली जोडी म्हणून दोन पक्षी स्लिमब्रिजला आणले. वसंतात दोघांनीही अंडी घातली! दोन्ही माद्याच. मग तार गेली आणि विमानाने नर आला.

चरित्रकार येथे स्कॉटचे कौतुक करतात, ते योग्यच. परंतु रोज दाणा टाकणारे, तळी उपसणारे हात त्या पानांत फारसे दिसत नाहीत. आमची ही जुनी तक्रार आहे, आणि ती आम्ही मागे घेत नाही.

१९६१ साली जागतिक वन्यजीव निधीच्या स्थापनेत तो होता. पांडाचे चिन्ह त्याच्याच हातचे. १९८९ साली तो वारला. त्यापूर्वी, १९६२ साली, स्लिमब्रिजला वाढलेले नेने विमानातून माउई बेटावर नेऊन डोंगरावर सोडण्यात आले होते.