कॅम्प नंबर चार आणि भरतीचा फॉर्म

कल्याणला रिक्षावाल्याला नुसतं ‘कॅम्प नंबर चार’ म्हटलं तरी तो उल्हासनगरकडे निघतो. पण हा कॅम्प कसला, कधी विचार केलाय? दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प होता, म्हणजे वाटेतल्या सैनिकांचा मुक्काम. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित राहायला आले आणि १९४९ साली या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं.

आज याच कल्याण-डोंबिवली-ठाणे पट्ट्यातली पोरं पहाटे धावायचा सराव करतात. घरी आलं की प्रश्न एकच: अग्निवीरचा फॉर्म भरताना जनरल ड्यूटी टाकू की टेक्निकल? उत्तर शोधायला आधी दोन माणसांना भेटूया.

पहिले नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातल्या निमजचे, मराठा पलटणीतले शिपाई. काम काय, तर कंपनी रनर. ऐकायला सोपं वाटतं ना? निरोप्याचं काम! ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. नदी ओलांडताना बरोबरचे लोक गोळीबारात पडले. जाधवांनी जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, मग बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. पुन्हा एकटे पुढे गेले आणि मशीनगनची तीन ठाणी मोडली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब वापरले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरे रामा राघोबा राणे, कारवारकडचे. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले आणि पुढे सेकंड लेफ्टनंट. सॅपर म्हणजे रस्ते, पूल, सुरुंग. ८ एप्रिल १९४८ला आपले रणगाडे नौशेराहून राजौरीकडे निघाले होते आणि वाट सुरुंगांनी भरलेली. उखळी तोफांच्या माऱ्यात राण्यांच्या तुकडीतले दोघे गेले. पाच जण जखमी झाले, त्यात राणे स्वतः. तरी ते थांबले नाहीत. ११ एप्रिलपर्यंत सुरुंग काढायचे, रस्त्यातले अडथळे हटवायचे, रणगाड्यांना वाट करून द्यायची, हेच चालू होतं. त्यांना परमवीर चक्र मिळालं, तेही हयात असताना.

आता बघा. जाधवांच्या त्या दिवसाला लागलं झटक्यात निर्णय घेणारं काळीज. राण्यांच्या चार दिवसांना लागले न थरथरणारे हात आणि कंटाळा न येणारं डोकं. धाडस दोघांचं सारखंच, पण कामाची जात वेगळी. आणि ‘रनर’ किंवा ‘सॅपर’ या नुसत्या नावावरून हे कळलं असतं का?

म्हणून मित्रांनो, पद निवडताना फक्त ‘कुठे लवकर लागेल’ एवढंच बघू नका. त्या कामाचा सगळ्यात वाईट दिवस कसा असतो, हे एखाद्या माजी सैनिकाला विचारा. जनरल ड्यूटीला दहावी चालते. टेक्निकलला सहसा बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि इंग्रजी लागतं. पण फॉर्मवर तुम्ही फक्त गट निवडता. पलटण कुठली आणि पोस्टिंग कुठे, हे लष्कर ठरवतं. सियाचीन की राजस्थान, ते तुमच्या हातात नाही.

शिवाय अग्निवीर चार वर्षांचाच. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करतात, असा २०२२ पासूनचा नियम आहे. म्हणजे चारातले तिघे परत येणार. परत येताना हातात काय हुनर असेल, हाही प्रश्न आजच घरच्यांसोबत बसून बोला. आईला फक्त बातमी देऊ नका, तिच्याशी बोला.

राणे भरती झाले तेव्हा बावीस वर्षांचे होते. तुमच्याएवढेच! विचार करा आणि मगच सबमिट दाबा. भेटूया पुढच्या भागात.